'माइझे' म्हणजे काय?

एम, ए, आय, झेड, ई. ही पाच रोमन अक्षरे इंग्रजीच्या तासाला फळ्यावर लिहिली, तर तुम्ही लगेच 'मेझ' असे वाचाल आणि त्याचा अर्थ 'मका' असा सांगाल. तुमचे उत्तर बरोबरच असेल. पण हीच पाच अक्षरे लात्व्हिया नावाच्या देशात एखाद्या दुकानाच्या पाटीवर दिसली, तर हा अर्थ मुळीच उपयोगी पडणार नाही. त्या दुकानात मक्याची कणसे नसतील. काळसर रंगाचे, जाड सालीचे, वजनदार पाव तेथे ओळीने मांडून ठेवलेले असतील. कारण लात्व्हियन भाषेत या अक्षरांचा उच्चार 'माइझे' असा होतो आणि माइझे म्हणजे पाव. यातील 'झे'चा उच्चार मराठीतील 'झेंडा' या शब्दासारखा करू नका. उर्दूतील 'ज़मीन' या शब्दाच्या पहिल्या अक्षरासारखा तो करायचा आहे.

मग मका आणि पाव यांची अक्षरे सारखी कशी? हा निव्वळ योगायोग आहे. मका मूळचा अमेरिका खंडातला. कॅरिबियन बेटांवर राहणाऱ्या ताइनो लोकांचा मक्यासाठी एक शब्द होता. तो शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला आणि पुढे तो इंग्रजीत 'मेझ' झाला. लात्व्हियन 'माइझे' मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या जागी होता. मक्याला लात्व्हियन लोक 'कुकुरूझा' म्हणतात. रस्त्यात भेटलेल्या दोन अनोळखी माणसांचे चेहरे सारखे असावेत, तसे हे दोन शब्द आहेत. दिसायला सारखे, पण घराणी निराळी.

लात्व्हिया आणि त्याची भाषा

लात्व्हिया हा उत्तर युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेला छोटा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 64,600 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. लोकसंख्या वीस लाखांपेक्षाही कमी आहे. रीगा ही त्याची राजधानी दौगावा नदीच्या काठी आहे. हा देश 18 नोव्हेंबर 1918 रोजी स्वतंत्र झाला. 1940 साली सोव्हिएत संघाने तो बळकावला. 1991 साली त्याला पुन्हा स्वातंत्र्य मिळाले आणि 2004 पासून तो युरोपीय संघाचा सदस्य आहे.

लात्व्हियन भाषा आपल्याला अगदी परकी वाटते. परंतु भाषाशास्त्र सांगते, की ती आपल्या भाषांची दूरची नातेवाईक आहे. मराठी, उर्दू, फारसी आणि लात्व्हियन या सर्व भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत. लात्व्हियन भाषेत दिवसाला 'दिएना' म्हणतात, मधाला 'मेदुस' म्हणतात, धुराला 'दूमि' म्हणतात. संस्कृतातील 'दिन', 'मधु' आणि 'धूम' या शब्दांशी ते किती जुळतात, हे तुमच्या सहज लक्षात येईल.

पावाच्या बाबतीतही असेच एक नाते आहे. लात्व्हियाच्या शेजारी लिथुआनिया हा देश आहे. तेथील भाषा लात्व्हियनची सख्खी बहीण मानली जाते. तिच्यात पावाला 'माइझे' म्हणत नाहीत, 'दुओना' म्हणतात. हाच शब्द लात्व्हियन भाषेतही आहे, पण तेथे त्याचा अर्थ आहे पावाच्या टोकाचा कडक तुकडा. संस्कृतात भाजलेल्या धान्याला 'धाना' म्हणतात आणि फारसीत धान्याच्या कणाला 'दाना' म्हणतात. 'दुओना', 'धाना' आणि 'दाना' ही एकाच शब्दाची लेकरे आहेत. उर्दूतील 'आब-ओ-दाना' आणि मराठीतील 'दाणापाणी' हे शब्द वापरताना या हजारो मैल दूरच्या भावंडाची आठवण ठेवायला हरकत नाही.

मग 'माइझे' हा शब्द कोठून आला? लात्व्हियन भाषेत जवाला, म्हणजे सातूला, 'मिएझि' म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ 'माइझे'चे नाते या शब्दाशी जोडतात. म्हणजे फार पूर्वी या लोकांची भाकर जवाच्या पिठाची असावी. पुढे धान्य बदलले, भाकरीचे रूपही बदलले, पण नाव तेच राहिले.

बर्फाखाली वाढणारे धान्य

जवाची जागा ज्या धान्याने घेतली, त्याचे नाव 'राय'. आपल्याकडे मोहरीला राई म्हणतात. तिचा आणि या धान्याचा काही संबंध नाही. राय हे गव्हाच्या जातीचे, थोडे लांबट आणि करड्या-हिरवट रंगाचे धान्य आहे. मूळ पश्चिम आशियात ते गव्हाच्या आणि जवाच्या शेतात तण म्हणून उगवत असे. बियाण्यात मिसळून ते उत्तरेकडे पोचले. तेथे थंडी कडक आणि जमीन हलकी. अशा ठिकाणी गहू रुसला, पण हे तण तगले! शेतकऱ्यांनी ते ओळखले आणि त्याचीच पेरणी सुरू केली.

राय शरद ऋतूत पेरतात. रोपे थोडी वर आली, की हिवाळा येतो आणि शेत बर्फाने झाकून जाते. कोवळी रोपे त्या पांढऱ्या पांघरुणाखाली महिनोन्‌महिने तग धरतात. वसंतात बर्फ वितळते, तेव्हा ती पुन्हा वाढू लागतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पीक कापणीला येते. त्या सुमारास पाऊस वारंवार पडतो. आपल्याकडे कणसे खळ्यावर उन्हात वाळतात, तशी तेथे वाळत नाहीत. म्हणून पूर्वी शेतकरी मळणीसाठी एक खास कोठार बांधत. त्याला 'रिया' म्हणतात. त्यात आग पेटवून उबेवर पेंढ्या वाळवत आणि मग मळणी करत.

मळणीनंतर दळण. पाणचक्क्या आणि पवनचक्क्या होत्या, तरी घरोघरी दगडी जाते असे. दळणाचे काम बहुधा मुली आणि स्त्रिया करत. जाते ओढताना त्या गाणी म्हणत. महाराष्ट्रातील स्त्रियांनी जात्यावर ओव्या गायिल्या, हे तुम्हांला माहीत आहेच. तशीच लात्व्हियन स्त्रियांची ही छोटी छोटी गीते आहेत. त्यांना 'दाइना' म्हणतात. बहुतेक दाइना चार ओळींच्या असतात. त्यांत शेत आहे, जाते आहे, आई नसलेल्या मुलीचे दुःख आहे आणि भाकरीही आहे. क्रिश्यानिस बारोन्स या विद्वानाने अशी गीते जमा करण्यात आयुष्य वेचले. 1894 ते 1915 या काळात त्यांनी सहा खंड प्रसिद्ध केले. त्यांत 2,17,996 गीते आहेत. गीतांच्या चिठ्ठ्या ठेवण्यासाठी त्यांनी लहान लहान खणांचे एक कपाट करून घेतले होते. 2001 साली युनेस्कोने या कपाटाचा जगाच्या मौल्यवान ठेव्यांच्या यादीत समावेश केला.

काळी भाकर कशी तयार होते?

रायच्या पिठाच्या काळसर पावाला 'रुप्यमाइझे' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'जाडीभरडी भाकर' असा आहे. गव्हाच्या पांढऱ्या पावाला 'बाल्टमाइझे' म्हणतात. 'बाल्ट' म्हणजे पांढरी.

गव्हाचे पीठ मळले, की त्याला चिवटपणा येतो. रायच्या पिठाला तसा चिवटपणा येत नाही. ते हाताला चिकटते आणि पसरते. शिवाय भाजताना त्याचा आतला भाग गिच्च होण्याची भीती असते. यावर जुन्या लोकांनी उपाय शोधला. तो म्हणजे पीठ आंबवणे. खमीर तुम्हांला नवे नाही. खमिरी रोटी तुम्ही खाल्ली असेल. दही लावताना आपण आदल्या दिवसाचे विरजण घालतो. त्याचप्रमाणे मागील खेपेच्या पिठाचा थोडा अंश पुढील खेपेला वापरतात. पीठ लाकडी काठवटीत आंबवतात. ही काठवट पूर्वी घासून-पुसून लख्ख करत नसत. तिच्या कडांना चिकटून राहिलेले पीठच पुढच्या पावाचे विरजण होई. आंबटपणामुळे पाव आतून गिच्च होत नाही आणि बरेच दिवस टिकतोही.

दुसरी युक्ती गोडीची आहे. पिठाचा काही भाग अगोदर गरम पाण्यात भिजवून तासन्‌तास उबेत ठेवतात. धान्यातील पिष्टाची त्यामुळे हळूहळू साखर बनते. म्हणून या पावाला आंबट आणि गोड अशी दुहेरी चव येते. चवीला मीठ आणि शहाजिऱ्यासारखे बी घालतात.

पीठ फुगले, की ओल्या हातांनी त्याचे लांबट गोळे करतात. भट्टीत आधी लाकडे जाळतात. भट्टी तापली, की निखारे ओढून काढतात आणि तळ झाडून घेतात. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर मॅपल झाडाची रुंद पाने पसरतात आणि त्यांवर पिठाचा गोळा ठेवून तो आत सरकवतात. पाव भाजून बाहेर आला, की त्याच्या बुडाला पानांच्या शिरांची नक्षी उमटलेली दिसते. पाव नीट भाजला की नाही, हे कसे ओळखायचे? तो उलटा धरून बुडावर बोटाने टिचकी मारतात. पोकळ आवाज आला, तर पाव तयार!

पूर्वी शेतकऱ्यांच्या घरी असा पाव रोज भाजत नसत. आठ-पंधरा दिवसांतून एकदा भट्टी पेटे आणि सर्व घरासाठी एकदम पाव होत. गरम पाण्यात पीठ भिजवून केलेल्या या पारंपरिक पावाला 2014 साली युरोपीय संघाने खास पारंपरिक पदार्थ म्हणून मान्यता दिली.

भुकेच्या आठवणी

एवढ्या खटपटीने मिळणारी भाकर या लोकांच्या ताटात नेहमीच पडत होती, असे मात्र नाही. शेकडो वर्षे लात्व्हियाची जमीन जर्मन जमीनदारांच्या ताब्यात होती. शेतकरी त्यांचे वेठबिगार होते. शेत पिकवायचे त्यांनी आणि कोठार भरायचे जमीनदाराचे. देशाच्या निरनिराळ्या भागांत ही वेठबिगारी 1817, 1819 आणि 1861 साली कायद्याने बंद झाली. 1695 ते 1697 या वर्षांत त्या प्रदेशात भयंकर दुष्काळ पडला. वाईट वर्षांत लोक पिठात कोंडा मिसळून भाकर करत. पोट भरल्यासारखे वाटे, पण अंगात बळ येत नसे.

भुकेची वेळ विसाव्या शतकातही आली. सोव्हिएत राजवटीत 14 जून 1941 रोजी सुमारे पंधरा हजार माणसांना घरांतून उचलून रेल्वेच्या मालडब्यांत भरले आणि दूर पूर्वेकडे पाठवले. 25 मार्च 1949 रोजी आणखी बेचाळीस हजारांहून अधिक माणसे अशीच नेली. त्यांत म्हातारी माणसे होती आणि लहान मुलेही होती. सैबेरियाच्या थंडीत अनेकजण भुकेने आणि आजाराने मेले. सांद्रा काल्नियेते यांचा जन्म 1952 साली अशाच एका हद्दपार कुटुंबात सैबेरियात झाला. आपल्या कुटुंबाची ही कहाणी त्यांनी पुस्तकरूपाने 2001 साली प्रसिद्ध केली. पुढे त्या लात्व्हियाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. ज्या पिढीने हे दिवस पाहिले, तिला पावाच्या एका तुकड्याची किंमत कोणी समजावून सांगावी लागली नाही.

जानेवारी 1991 मध्ये सोव्हिएत फौजा चालून येतील, अशी भीती होती. तेव्हा हजारो नागरिक रीगा शहरात जमले. त्यांनी महत्त्वाच्या इमारतींभोवती अडथळे उभे केले आणि कडाक्याच्या थंडीत शेकोट्या पेटवून रात्रंदिवस पहारा दिला. शहरातील लोकांनी त्यांच्यासाठी गरम चहा आणि खाणे आणून दिले. कोण कोणाचा, हे कोणी विचारले नाही.

शब्दाच्या पोटातले शब्द

ज्या वस्तूवाचून जगता येत नाही, तिचे नाव बोलण्यात जागोजागी डोकावते. लात्व्हियन भाषेत 'माइझे'चे असेच झाले आहे. ज्या कामावर घर चालते, त्या कामाला ते 'भाकरीचे काम' म्हणतात. पोटाला देणाऱ्या मालकाला जुन्या बोलीत 'भाकरीचा बाप' म्हणत. सँडविचला ते 'लोणी-भाकर' या अर्थाचा शब्द वापरतात. प्रेमाने बोलताना 'माइझे'चे 'माइझीते' होते, जसे आपण पिल्लाला 'पिल्लू' म्हणतो.

कोणी नव्या घरात राहायला गेले, तर पाहुणे पाव आणि मीठ घेऊन जातात. या भेटीला 'सालसमाइझे', म्हणजे 'मीठ-भाकर' म्हणतात. या घरात अन्नाला कधी तोटा पडू नये, अशी त्यामागे सदिच्छा असते. आपल्याकडे उर्दूत 'नमकहलाल' म्हणतात आणि मराठीत 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणतात. 'मीठभाकर' हा शब्द तर मराठीत जसाच्या तसा आहे!

आणखी एक रीत ऐका. पावाचा तुकडा जमिनीवर पडला, तर जुन्या वळणाचे लात्व्हियन लोक तो उचलतात आणि त्याचे चुंबन घेतात. तुमच्या घरी रोटीचा तुकडा खाली पडला, तर दादी किंवा नानी काय करते, ते आठवा. ती तो उचलते, चुंबते आणि डोळ्यांना लावते. मराठी घरांतही अन्नाला चुकून पाय लागला, तर हात लावून नमस्कार करतात. या तिन्ही ठिकाणच्या लोकांनी ही रीत एकमेकांकडून घेतलेली नाही. ती त्यांना भुकेने शिकवली आहे.

आज लात्व्हियात भूक उरलेली नाही. शेतांत रायपेक्षा गहू कितीतरी अधिक पिकतो आणि दुकानांत पांढरा पाव हवा तेवढा मिळतो. तरीही काळ्या पावाचा मान कमी झालेला नाही. रीगाच्या मोठ्या मध्यवर्ती बाजारात तो मिळतो. आग्लोना या गावी तर भाकरीचे एक संग्रहालय आहे. शिळा पावही वाया घालवत नाहीत. तो भिजवून, त्यात सुकी फळे घालून गोड सूप करतात. त्याच्या चुऱ्यावर मलई आणि आंबटगोड फळांचा मुरंबा यांचे थर देऊन एक गोड पदार्थही करतात.

मुलांनो, शब्दकोशात 'माइझे'चा अर्थ 'पाव' असा एका शब्दात मिळेल. तो चूक नाही, पण अपुरा आहे. आपल्याकडे 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. तो बाजारातल्या वस्तूचे नाव आहे. 'पाव कमावणे' असे कोणी म्हणत नाही. आपण 'भाकर कमावतो', 'भाकरीसाठी गाव सोडतो', 'घासातला घास देतो'. उर्दूत 'रोज़ी-रोटी' म्हणतात. म्हणून 'माइझे'चे खरे भाषांतर करायचे, तर दिसण्यावरून 'पाव' म्हणावे, पण मोलावरून 'भाकर' किंवा 'रोटी'च म्हणावे. दुसऱ्याची भाषा शिकताना शब्दाचा अर्थ पाठ करणे ही पहिली पायरी आहे. तो शब्द बोलणाऱ्यांनी त्याच्यासाठी किती घाम गाळला, हे समजणे ही त्यापुढची पायरी.

स्वाध्याय

1. 'माइझे' आणि 'मेझ' या शब्दांत कोणता फरक आहे?
2. रायचे पीठ आंबवण्याची गरज का पडते?
3. 'दुओना', 'धाना' आणि 'दाना' या शब्दांचे नाते तुमच्या शब्दांत सांगा.
4. अन्नाचा मान राखण्याच्या कोणत्या रीती पाठात आल्या आहेत?
5. 'रोटी' हा शब्द असलेले उर्दूतील आणि 'भाकर' हा शब्द असलेले मराठीतील वाक्प्रचार जमा करा. त्यांचे अर्थ घरातील मोठ्यांना विचारून वहीत लिहा.